बेचाळीस मीटरवरची माणसं

मुंबईत गेट वे ऑफ इंडियाकडून ताजमहाल हॉटेल मागे टाकून समुद्राच्या कडेनं कुलाब्याकडे चालत गेलं की रेडिओ क्लब लागतो. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायची गरज नाही, नाव पुरतं. २०२५ साली त्याच्या शेजारच्या नव्या प्रवासी जेट्टीचा वाद कोर्टात गेला, तेव्हा हे नाव पेपरात सारखं छापून येत होतं. लग्नाचे स्वागतसमारंभ, मेंबरांच्या मेजवान्या आणि समोरची बोटींची गर्दी यांसाठी हा क्लब प्रसिद्ध. पण त्याच्या नावात ‘रेडिओ’ कशाला, हे मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी खांदे उडवले. एकानं तर ‘तिथे पूर्वी रेडिओचं दुकान असेल’ असंही सांगितलं.

दुकान नव्हतं. क्लबची स्थापना १९२८ ची. ज्या काळात रेडिओ म्हणजे घरी बसून तारा जोडायचा, कान लावून ऐकायचा आणि जमलंच तर त्यावर बोलायचाही छंद होता, त्या काळातल्या हौशी मंडळींचं हे नाव. छंद गेला, नाव राहिलं. मी स्वतः त्या छंदातला माणूस. लोक आम्हाला ‘हॅम’ म्हणतात. हा शब्द कुठून आला यावर आमच्यातच एकमत नाही, तेव्हा त्यात पडत नाही. रेडिओवरून बोलायची संधी मिळाली आहे तर रेडिओच्या या विसरलेल्या सोयऱ्यांबद्दलच बोलावं, असं ठरवलं.

आपल्याकडे रेडिओ सरकारनं आणला, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’नं टपाल व तार खात्याच्या मदतीनं आपल्या कचेरीतून गाण्याबजावण्याचा एक खास कार्यक्रम हवेत सोडला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून हा खटाटोप झाला, आणि लाटसाहेबांनी तो ऐकला पुण्यात बसून. म्हणजे मुंबईचं गाणं बिनतारी वाटेनं खंडाळ्याचा घाट चढून पुण्यात पोचलं, त्याला आता शंभराहून अधिक वर्षं झाली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना हौशी प्रक्षेपणाचा परवाना मिळाला. या देशातले ते पहिले परवानाधारक हॅम मानले जातात. पण हे सगळे सुटे प्रयत्न. नियमानं, ठरल्या वेळी, लोकांसाठी काही ऐकवायचं, ही कल्पना आली ती क्लबांकडून. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबनं पहिला कार्यक्रम केला, नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबनं आणि पुढल्या वर्षी मद्रासच्या.

मद्रासची गोष्ट मला विशेष आवडते, कारण तिच्यात आमच्या जमातीचे सगळे गुणदोष एकाच ठिकाणी सापडतात. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकारानं १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब निघाला आणि ३१ जुलैला त्यांचं प्रक्षेपण सुरूही झालं. अडीच महिन्यांत! यंत्र होतं ४० वॅटचं. घरातल्या एका जुन्या पिवळ्या दिव्याला लागते तेवढी शक्ती. पुढे २०० वॅटचं आलं. त्यावर रोज संध्याकाळी संगीत आणि भाषणं. ऐकणाऱ्याकडे काय असायचं? गॅलिनाचा एक खडा, त्याला टोचायची बारीक तार, वायरचं वेटोळं आणि कानाला लावायचे हेडफोन. वीज नको, बॅटरी नको. खड्याच्या कुठल्या कोपऱ्यावर तार टेकली की आवाज येतो, ते शोधत बसायचं. घरात एकानं ऐकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं.

तीन वर्षं क्लबनं हे चालवलं आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये पैसे संपल्यामुळे बंद केलं. आता इथे दुसरा कुणी असता तर त्यानं यंत्र विकून देणी भागवली असती. या मंडळींनी ते मद्रास महापालिकेला देऊन टाकलं. महापालिकेनं १ एप्रिल १९३० पासून त्यावर स्वतःचं केंद्र चालवलं. मरिना किनाऱ्यावर कर्णे लावले, संध्याकाळी फिरायला आलेल्यांना वाळूत बसून फुकट संगीत ऐकता येऊ लागलं. शाळांसाठीही कार्यक्रम होत. १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओचं मद्रास केंद्र सुरू होईपर्यंत शहराची ही चैन चालू होती. क्लब केव्हाच मिटला होता, पण त्याची देणगी आठ वर्षं शहराच्या उपयोगी पडली.

मधल्या काळात व्यापारीही या धंद्यात उतरले होते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. रेडिओ बाळगायला वर्षाला दहा रुपये लायसन्स होतं, त्यातला मोठा वाटा कंपनीला मिळायचा. (घरातल्या रेडिओला लायसन्स असायचं आणि ते पोस्टात जाऊन नूतनीकरण करावं लागायचं, हे आजच्या पोरांना सांगितलं तर थट्टा वाटते. माझ्या वडिलांचं ते पुस्तक अजून कपाटात आहे.) पण त्या वर्षअखेर साऱ्या देशात लायसन्सं होती साडेतीन हजारांच्या आसपास. एवढ्यावर कंपनी कशी चालावी? मार्च १९३० मध्ये ती बुडाली आणि नाइलाजानं सरकारनं कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये त्याचं नाव झालं ऑल इंडिया रेडिओ. ‘आकाशवाणी’ हे नावही मुळात एका हौशी माणसानं आपल्या केंद्राला लावलं. म्हैसूरचे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी हे मानसशास्त्र शिकवत. सप्टेंबर १९३५ मध्ये त्यांनी आपल्या राहत्या घरातून एक छोटं केंद्र सुरू केलं, त्याला हे नाव दिलं. सरकारनं ते पुढे उचललं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, सरकारचे आणि हौशी मंडळींचे संबंध किती गोडीचे होते. तसं नव्हतं. हवेतून बोलणारा माणूस कुठल्याच राज्यकर्त्याला निर्धास्त झोपू देत नाही. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानं परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा ठरलं. १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि सगळ्या हौशी परवान्यांवर गदा आली. यंत्रं जमा करा, असा हुकूम निघाला. बहुतेकांनी केली. काहींनी मात्र नाही.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी रातोरात पकडले गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. बातमी पोचवायची कशी? मुंबईतल्या काही तरुणांच्या डोक्यात रेडिओ आला. त्यांत होत्या बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई म्हणजे विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी. यांच्यापाशी जिद्द होती, पण प्रक्षेपण यंत्र काही जिद्दीनं तयार होत नाही. ते काम केलं नरिमन प्रिंटर यांनी, आणि ते होते युद्धाआधीचे परवानाधारक हॅम. सुटे भाग आणि सामग्री आली शिकागो रेडिओच्या नानक मोटवाने यांच्याकडून. काँग्रेसच्या सभांचे जुने फोटो पाहा, पुढाऱ्यांच्या समोरच्या माइकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी असते. तीच ही कंपनी.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी ‘काँग्रेस रेडिओ’ पहिल्यांदा बोलला. पत्ता ‘हिंदुस्थानात कुठेतरी’, आणि लहर ४२.३४ मीटर. पोलिसांच्या गाड्या मागावर, म्हणून यंत्र आज चौपाटीजवळ, उद्या गिरगावात, परवा आणखी कुठे असं हलवलं जाई. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते त्यामागे होते. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे आष्टी-चिमूरला जे घडलं, जे एकाही वर्तमानपत्राला छापता येत नव्हतं, ते देशानं या रेडिओवर ऐकलं. १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळच्या एका बंगल्यात पोलीस दार फोडून आत शिरले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती. ती थांबवायला उषाताईंनी नकार दिला. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, खाकरांना पाच. उषाताई येरवड्याहून १९४६ मध्ये सुटल्या. ठिकाण फुटलं ते त्यांच्याच तंत्रज्ञांपैकी एकाकडून, असं त्यांनी पुढे सांगितलेलं आहे. आम्ही हॅम लोक ही कथा फार अभिमानानं सांगतो आणि हे शेवटचं वाक्य बहुधा गाळतो.

या लहरीचा एक साधा हिशेब मी एकदा सहज केला आणि चकित झालो. ४२.३४ मीटर म्हणजे आजच्या भाषेत साधारण ७.०८ मेगाहर्ट्‌झ. आम्ही ज्याला ‘चाळीस मीटरचा पट्टा’ म्हणतो, तो ७ मेगाहर्ट्‌झपासून वर सुरू होतो. म्हणजे काँग्रेस रेडिओ ज्या जागेवर बोलत होता ती हॅमचीच जागा. हा काही चमत्कार नव्हे. माणूस जे यंत्र बांधायला शिकलेला असतो तेच अडचणीच्या वेळी बांधतो. शिवाय या लहरीची चालच अशी आहे की दिवसा ती वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरावर आपटून चार-पाचशे किलोमीटरच्या परिसरात खाली येते. डोंगर आडवा येत नाही, मधे तार लागत नाही, खांब लागत नाही. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा सुरू झाले, १९५४ मध्ये अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही देशव्यापी संस्था उभी राहिली. यंत्रं मात्र बाजारात मिळत नव्हती. परदेशी सेट मागवणं शिक्षकाच्या पगारात बसणारं नव्हतं. मी पुण्यात एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. १९७६ साली मला या छंदानं धरलं. आमचा क्लब म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माळ्यावर रविवारी जमणारे सात-आठ जण. त्यात एक बँकेतला कारकून, एक घड्याळजी, दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त लष्करी सिग्नलवाले. जुन्या बाजारात युद्धातले लष्करी रिसीव्हर अक्षरशः भंगारात मिळत. दुकानदाराला त्यात काय आहे हे माहीत नसे, आणि आम्ही चेहरा शक्य तितका निर्विकार ठेवून भाव करत असू. त्यातल्या ‘८०७’ नावाच्या व्हॉल्व्हवर आमचा फार जीव. एका ८०७ वर पहिला ट्रान्समीटर बांधला तेव्हा शेजारच्या वाड्यात टीव्हीवर छायागीत लागलं होतं. पडद्यावर आडव्या रेघा नाचल्या आणि काकू थेट माळ्यावर आल्या. पुढची दोन वर्षं छायागीताच्या वेळी आमचं प्रक्षेपण बंद, असा तह झाला. तो आम्ही पाळला.

परीक्षेला मोर्सचे मिनिटाला पाच शब्द घ्यावे लागत, वरच्या श्रेणीला बारा. परीक्षा पास झाल्यावर परवाना हातात पडायला माझी सतरा महिने वाट गेली. चौकशीला घरी आलेल्या गृहस्थांनी आईला विचारलं, ‘तुमचा मुलगा परदेशाशी बोलून काय करणार?’ आई म्हणाली, ‘हवामान विचारतो म्हणे.’ तिचं उत्तर खरं होतं. एरवी आम्हाला तेवढंच बोलायची मुभा असते: यंत्र कसं आहे, आवाज कसा येतो, पाऊस आहे का. राजकारण नाही, व्यापार नाही, आणि तिसऱ्या माणसाचा निरोप तर नाहीच. मग या सगळ्याचा उपयोग काय, असं लोक विचारत. शर्यतींच्या दिवशी मार्गावर उभं राहून निरोप द्यायचे, गणपतीच्या मिरवणुकीत हरवलेली पोरं शोधून द्यायची, असली कामं आम्ही करायचो. बाकी उत्तर आमच्यापाशीही नव्हतं.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. आमचे दहा जण हातातले छोटे सेट घेऊन विसर्जन मिरवणुकीत वाटलेले होते. पहाटे मी अलका चौकात होतो. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, त्यामुळे चारच्या सुमाराला ढोल ऐन भरात होते. तीन वाजून छपन्न मिनिटांनी जमीन हलली तेव्हा मला काही जाणवलं नाही. तीनशे किलोमीटरवर किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी, मंगरूळ या गावांत लोक विसर्जन उरकून नुकते झोपलेले होते. तिथली घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आणि वर लाकडावर दोन-दोन फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार. त्या मिनिटात ती माळवदं खाली आली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली.

सकाळी साडेआठला मिरवणुकीतच कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बातमी ऐकली. पुण्यात मराठवाड्यातून नोकरीला आलेली माणसं हजारोंनी. दहा वाजेपर्यंत एसटीडी बूथपुढे रांगा लागल्या होत्या आणि तिकडची लाइन कुणालाच मिळत नव्हती. आमचे सेट चार्ज केलेले होते, माणसं जागी होती. चौघांनी निघायचं ठरवलं. एका मित्राची मेटॅडोर, ट्रकच्या दोन बॅटऱ्या, शंभर वॅटचा एक सेट, वीस मीटर तार आणि नायलॉनची दोरी. वाटेत एका नाक्यावर हवालदारानं गाडी अडवली. सेट पाहून त्याचा चेहरा बदलला. परवान्याची झेरॉक्स त्यानं उलटसुलट वाचली, साहेबांना विचारायला गेला, आणि आम्ही पाऊण तास रस्त्याच्या कडेला उभे. त्याला दोष देत नाही. गावात मुडदे पडलेले असताना चार शहरी माणसं बिनतारी यंत्र घेऊन निघाली आहेत, यावर त्यानं का विश्वास ठेवावा?

रात्री पोचलो. छावणीच्या कडेला कडुनिंब आणि बांबू यांच्यामधे तार ताणली. मुलं भोवती जमली. एकानं विचारलं, ‘यावर गाणी लागतात का?’ सकाळी सात मेगाहर्ट्‌झवर पुण्याचा माळा लख्ख आला. इतर शहरांतूनही हॅम मंडळी आली होती, त्यामुळे एकानं सूत्रसंचालन करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या परवानगीशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी शिस्त लगेच बसवावी लागली. अधिकाऱ्यांचे निरोप आधी: अमुक गावाला सलाईन, तमुक गावाला ताडपत्री, पाणी. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि ताडपत्रीची मागणी दसपट झाली. ओल्या लाकडांवर चिता पेटत नव्हत्या. रॉकेलसाठीचे निरोपही मीच पाठवले. त्याहून अधिक सांगत नाही.

मधल्या वेळात लोकांचे निरोप. पुण्यात माळ्याखाली रांग लागलेली, तिथून नावं येत. मी ती वहीत लिहून घेऊन छावणीतल्या गुरुजींकडे देई. ते फिरून चौकशी करत आणि मी उत्तर कळवत असे. नावं नीट ऐकू यावीत म्हणून आमची ठरलेली इंग्रजी अक्षरं सोडून आम्ही शाळेतली काढली: क कमळातला, ब बदकातला, ग गवतातला. तीन दिवसांत चारशेच्या वर निरोप झाले.

त्यातला एक चुकला. पिंपरीत कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणानं आईची चौकशी केली होती. बाईचं नाव त्या भागात घरोघरी सापडणारं. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. त्या गावची त्या नावाची बाई छावणीत सापडली, हाताला प्लास्टर, बाकी ठीक. ‘आई सुखरूप’ असं मी कळवलं. तो तिसऱ्या दिवशी आला तेव्हा ती बाई दुसरीच होती. त्याच्या आईला आदल्या दिवशीच अग्नी दिलेला होता. तो आमच्या टेबलापाशी आला. मला वाटलं आता हा मारणार, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं वही मागितली, बोट ठेवून ओळ वाचली. म्हणाला, ‘नाव बरोबर आहे. गाव बरोबर आहे. मालकाचं नाव विचारलं नव्हतं का, सर?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सुखरूप कळल्यामुळे तो घाईनं निघाला नव्हता. एक दिवसाची पाळी भरून, धाकट्या भावासाठी कपडे घेऊन आला होता. अग्नी द्यायला त्याला पोचता आलं असतं. वही परत देऊन तो पत्र्याच्या शेडच्या यादीपुढे जाऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी आम्ही नियम केला. बाईचं नाव असेल तर नवऱ्याचं आणि सासऱ्याचंही. गल्ली किंवा जवळचं देऊळ. आणि ऐकणाऱ्यानं सगळं अक्षर न् अक्षर परत वाचून दाखवायचं, पाठवणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. परत वाचायची पद्धत बिनतारी जगात जुनीच आहे, पुस्तकात आम्ही ती शिकलोही होतो. घाईत सोडून दिली होती.

नंतर भूजच्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात आमचे लोक गेले. मी गेलो नाही, पाठ धरली होती. पण २००४ च्या डिसेंबरची गोष्ट मी स्वतः घरी बसून ऐकली. अंदमानात अनेक वर्षं हौशी रेडिओला बंदी होती. मोठ्या खटपटीनं परवानगी मिळून हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओची तुकडी भारती प्रसाद यांच्याबरोबर पोर्ट ब्लेअरला गेली होती. हा निव्वळ छंद होता: दुर्मीळ ठिकाणाशी बोलायला मिळावं म्हणून जगभरचे हॅम रात्र-रात्र रांगेत थांबलेले. २६ डिसेंबरच्या सकाळी धक्के बसले, मग समुद्र आला, फोन गेले. आणि जी बाई आदल्या रात्रीपर्यंत जपान-अमेरिकेला ‘आवाज छान येतो’ एवढंच सांगत होती, तिच्याच टेबलावरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर येऊ लागले. पुढे कार निकोबारवरही सेट गेला. परवानगी जर जानेवारीची मिळाली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सरकारचीही दुसरी बाजू सांगायला हवी. ५ मे २००५ रोजी इस्रोनं ‘हॅमसॅट’ नावाचा साडेबेचाळीस किलोचा उपग्रह खास आमच्यासाठी सोडला. तो डोक्यावरून जात असताना, हातात छोटी अँटेना धरून, गच्चीत गोल-गोल फिरत मी त्यातून बोललो आहे. शेजारच्यांना वाटलं, सरांचं वय झालं. २०१४ मध्ये तो थकला. मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ च्या जिनिव्हा परिषदेनंतर गेली, आता आपल्याकडे खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, पण परवाना सोपा झाला हे चांगलंच.

मोबाइल आले, आता तुमचं काय काम, असं विचारणाऱ्यांना मी पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचं उदाहरण देतो. अंबरीश नाग बिस्वास आणि त्यांचे सहकारी दर मकर संक्रांतीला गंगासागरच्या यात्रेत हातात सेट घेऊन उभे असतात. लाखोंच्या गर्दीत म्हातारी माणसं हरवतात, काहींना तर घरचेच सोडून जातात. पत्ता सांगता येत नाही, भाषा कळत नाही. मग ही मंडळी देशभरच्या हॅमना विचारतात: ही बोली कुठली, या नावाचं गाव कुणाच्या भागात आहे? फोटो फिरतो, कुणीतरी ओळखतो, सरपंचापर्यंत किंवा पोलीस ठाण्यापर्यंत कुणीतरी स्वतःच्या पायांनी जातो. अशी कित्येक माणसं त्यांनी घरी पोचवली, वर्षानुवर्षं बेपत्ता असलेलीसुद्धा. यात आता रेडिओ निम्माच आहे. उरलेला निम्मा म्हणजे हाक आली की न विचारता उठणारी ओळखीची माणसं, आणि ती ओळख रोजच्या ‘आवाज कसा येतो’मधून झालेली.

आमचा वाडा पडून तिथे सहा मजली इमारत झाली. क्लब अजून आहे, पण माळा नाही. अँटेनाला सोसायटीची परवानगी मिळवणं हे त्या सतरा महिन्यांपेक्षा अवघड निघालं. तरी रविवारी सकाळी आम्ही सात मेगाहर्ट्‌झच्या थोडं वर जमतो आणि हजेरी घेतो. पूर्वी तीस-पस्तीस आवाज यायचे, आता बारा-पंधरा येतात. गेल्या रविवारी एक नवा आवाज आला, इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या मुलीचा, सांगलीहून. सवयीप्रमाणे मी तिला एक सरावाचा निरोप दिला. तिनं तो परत वाचला आणि थांबली. म्हणाली, ‘सर, यात सासऱ्यांचं नाव राहिलं आहे. सांगता का? ओव्हर.’